ओझेला, हात

माझ्या बहिणीला तुम्ही मारलं.

तुमचं नाव मी लिहीत नाही. खुर्चीतला माणूस बदलतो, खुर्ची तीच राहते. तुम्ही जिल्ह्याचे आरोग्यवाले. चौकशीच्या दिवशी टेबलामागे मधोमध बसला होतात, पुढ्यात बर्फ घातलेल्या चहाचा पेला. म्हणालात, "तिला हात काढायला कुणीही सांगितलं नव्हतं." वाक्य खरं आहे. खरं आहे म्हणूनच ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

मी व्हर्डेल. पेकन नावाच्या अक्रोडासारख्या फळाच्या कारखान्यात दाणे सोलते. लिहायला माझी मी शिकले, तेव्हा माझ्या चुका काढत बसू नका. आधी तुमची काढू.

अर्लीथा माझी धाकटी बहीण, पहिलटकरीण. सकाळी शेंगा सोलता सोलता तिच्या पोटात दुखायला लागलं. तिचा नवरा रूफस तिला ट्रकमध्ये घालून इस्पितळात घेऊन गेला, मी सोबत होते. कायद्याने दार आता गोऱ्यांना आणि आम्हा काळ्यांना एकच आहे. दाराच्या आत टेबलाशी हॅस्क्यूबाई बसतात.

"अजून वेळ आहे. घरी जा. दुखायला लागलं की या."

"दुखतंयच की, मॅडम," अर्लीथा म्हणाली.

"याला दुखणं म्हणत नाहीत."

म्हणजे दुखणं कशाला म्हणायचं हेही तुमच्याकडून शिकायचं. आम्ही परत आलो. घरी पोहोचेपर्यंत कळा एकीला लागून दुसरी येत होत्या. पुन्हा ट्रकमध्ये चढायची तिची ताकद राहिली नव्हती.

मी मिस ओझेलाच्या कुंपणाशी गेले. ही आमच्या भागातली सुईण. अर्लीथा, मी, रूफस, चर्चमध्ये गाणाऱ्यांतले निम्मे, सगळे हिच्या हातात जन्मलेले. तुम्ही गेल्या वर्षी सगळ्या म्हाताऱ्या सुईणींचे परवाने काढून घेतलेत आणि वर दम दिलात, की यापुढे बाळंतिणीला हात लावला तर तुरुंगात जाल. मिस ओझेला पालेभाजीच्या वाफ्यात वाकलेली होती. अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी.

"मिस ओझेला, अर्लीथाला परत पाठवलं हो. कळा थांबतच नाहीयेत."

"मग मला काय सांगतेस? मी आता भाजी पिकवते. साहेबांचा हुकूम आहे, कोबीला हात लाव, बायकांना नको."

"नुसत्या येऊन बसा."

"नुसतं बसायला मी काय चर्चमधलं बाकडं आहे?" ती म्हणाली. पण हात एव्हाना एप्रनला पुसून झाले होते, आणि ती माझ्या पुढे चालत होती.

आमच्याकडे येऊन तिने आधी हात धुतले. कोपरापर्यंत, ब्रशने, एकेक नख उचलून. ती रीत तुमची. माझी आई सुईणींचे पांढरे झगे धुऊन इस्त्री करायची, म्हणून लहानपणी मी ती रीत पाहिलेली आहे. दर महिन्याला चर्चच्या तळघरात सगळ्या सुईणी झगा घालून, टोपी घालून रांगेत उभ्या. समोर जिल्ह्याची नर्स. तेव्हा ती हॅस्क्यूबाईच होती, नुकती शिकून आलेली, या बायकांच्या लेकीच्या वयाची. एकेकीसमोर यायची, नुसतं नाव घ्यायची, आणि म्हणायची: "ओझेला, हात." की हात वर. आधी तळवे, मग पालथे, मग नखं. नखात काही दिसलं तर सगळ्यांसमोर पाणउतारा, आणि सुईणकामाच्या सामानाची पिशवी जप्त. आणखी एक शिकवण होती. बाळंतपण चालू असताना नर्स खोलीत आली, तर सुईणीने खाटेपासून मागे व्हायचं आणि हात दाखवायचे. पहिल्यांदा हात, मग बाळंतीण. उभं आयुष्य मिस ओझेलाने हे केलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण हे यायचं.

पोरगी सुखरूप झाली. भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना. रूफसच्या आईने कळा तुटाव्यात म्हणून खाटेखाली कुऱ्हाड ठेवली होती. मिस ओझेला म्हणाली, "असू दे. निदान आज रूफसला सरपण न फोडायला निमित्त मिळालं." अर्लीथा हसली. हसताना तिचे दात दिसले, ते मला अजून दिसतात.

वार पडली. मग रक्त थांबेना.

मिस ओझेलाने अर्लीथाच्या बेंबीखाली मूठ रोवली आणि चोळायला लागली. तिचं बोलणं बंद झालं, तेव्हा मी घाबरले.

"गर्भाची पिशवी मऊ पडतेय," ती शेवटी म्हणाली. "दाबून धरली की आवळते, सोडली की सुटते. मी धरून ठेवीन. पण बरी करायचं औषध माझ्याकडे नाही, ते त्यांच्याकडे आहे. रूफस, ट्रक काढ."

ट्रकच्या मागे गादी टाकली. अर्लीथा तिच्यावर, मिस ओझेला शेजारी गुडघ्यांवर, मूठ पोटावर. मी बाळ घेऊन त्यांच्या पायाशी.

"रूफस, खड्डा चुकव. नाहीतर पुढचं पोर तू जन्माला घाल," ती ओरडली. मग अर्लीथाकडे वाकून हळू म्हणाली, "ऐक बये. तुझ्या आईला तू पायाळू निघालीस, तेव्हा तिने मला इथे चावलं होतं. तुलाही चावायचं असेल तर चाव. पण डोळे मिटू नकोस."

"तुमचा हात खारट लागेल," अर्लीथा म्हणाली.

रक्त थांबलं होतं. हे नीट वाचा. त्या मुठीखाली रक्त थांबलं होतं. गादीवरचा डाग वाढत नव्हता, मी बघत होते, दुसरं काही बघतच नव्हते.

इस्पितळाच्या दारात तिथल्या दोन पोऱ्यांनी अर्लीथाला चाकाच्या खाटेवर घेतलं. मिस ओझेला मूठ न सोडता, कमरेत वाकून, खाटेबरोबर तिरकी तिरकी चालत आत आली. कोपरापर्यंत लाल. टेबलामागून हॅस्क्यूबाई उठल्या. त्यांना बाळंतीण दिसली नाही. त्यांना मिस ओझेला दिसली.

"ओझेला," त्या म्हणाल्या. "हात."

आणि मिस ओझेला ताठ झाली. एक पाऊल मागे आली. दोन्ही हात वर. आधी तळवे, मग पालथे, मग नखं.

मी पाहिलं तिच्याकडे. तिचा चेहरा अजून अर्लीथाकडे वळलेला होता. हात मात्र तळघरात गेले होते.

"परवाना काढून घेतलाय ना तुझा?" हॅस्क्यूबाई विचारत होत्या. "कोणी सांगितलं तुला हात लावायला?"

मिस ओझेलाला काय झालं ते कळलं. ती पुढे झेपावली, तेव्हा दारावरच्या शिपायाने तिचं मनगट धरलं होतं. मी ओरडले, "तिच्या पोटावर कुणीतरी हात ठेवा." हॅस्क्यूबाई म्हणाल्या, डॉक्टर येतायत, कुणीही काहीही करू नका. खाट भिंतीला लावून ठेवली. चादरीवर तो डाग पुन्हा चालायला लागला. काठावरून खाली थेंब पडायला लागले. मी बाळ रूफसच्या हातात कोंबलं आणि स्वतः मूठ रोवली. पण कुठे दाबायचं ते मला माहीत नव्हतं. पोट नुसतं पिठासारखं लागत होतं.

"व्हर्डेल, थंडी वाजतेय," अर्लीथा म्हणाली. नंतर काही म्हणाली नाही. डॉक्टर आला तेव्हा त्याने आधी जमिनीकडे पाहिलं, बूट भरतील म्हणून.

चौकशीत तुम्ही ठरवलंत, की परवाना नसलेल्या म्हातारीच्या हातून बाई मेली. हॅस्क्यूबाईंनी शपथेवर सांगितलं, "मी फक्त तिला ओळखलं, हात काढ असं काही म्हटलंच नाही." तुम्ही मान डोलावलीत.

मिस ओझेला आता चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते. स्तुतीगीताला सगळे हात वर करतात, ती करत नाही. हातांवर बसून राहते. एकदा मी तिच्या शेजारी बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी हात काढले नाहीत गं. हात गेले."

अर्लीथाची पोर माझ्याकडे आहे. ती मोठी होईल आणि विचारील. म्हणून मी आधी विचारतेय, सगळ्यांदेखत, तेही तुमच्याच भाषेत, हाताच्या भाषेत.

तिला हात काढायला कुणी सांगितलं नव्हतं, ठीक. मग ते हात वर गेल्यावर, खाट भिंतीशी उभी असताना, तुमच्या त्या एवढ्या मोठ्या इस्पितळात माझ्या बहिणीच्या पोटावर कोणाचा हात होता? त्याचं नाव सांगा.