बाल्कनीची काच

शनिवारी सकाळी सलिलने फोनवर सांगून टाकलं, "आई, या वेळी एसी नीट झाला नाही, तर तू हिंजवडीला यायचंस. विषय संपला."

विषय संपला म्हणे! जन्मभर हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळला मी. भल्याभल्या डॉक्टरांची माझ्यापुढे असं बोलायची टाप नव्हती, आणि हा माझा मुलगा मला विषय संपवून दाखवतोय.

गेल्या उन्हाळ्यात मला उन्हाने चक्कर आली होती, हे खरं. खोली गार ठेवा असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून बेडरूममध्ये एसी आला. यंदा मात्र भर दुपारी तो थोडा वेळ घरघरायचा आणि बंद पडायचा. सलिलला आयतंच निमित्त मिळालं. त्याच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली तयार आहे, पडदेही लावून झालेत, सगळं मला न विचारता. सून चांगली आहे, खोली चांगली आहे, आणि मला तिथे जायचं नाही. सहकारनगरचं हे घर माझ्या पगारातून झालंय. इथे मी कधी उठते, कधी जेवते, हे कोणी बघत नाही, आणि तेच मला आवडतं.

दुपारी मेकॅनिक आला. रविराज नाव, वाघोलीचा. दारातूनच म्हणाला, "आजी, गॅस कमी हाय. भरून टाकू."

"आजी मी माझ्या नातीची. तुम्ही मंदाकिनीबाई म्हणा. आणि गॅस कमी आहे, हे चपला काढता काढता कसं कळलं तुम्हाला?"

"उन्हाळ्यात गॅसच असतोय, बाई. मागल्या वर्षी बसवताना बी भरलेला की."

"मग गेला कुठे? मी प्यायले?"

तो हसला. मी नाही हसले. "अहो, मी नर्स होते. ताप बघितल्याशिवाय आम्ही तापाची गोळी देत नव्हतो. आधी वारा नीट येतोय का बघा, मग दाब मोजायचं गेज लावा, मग गॅसची भाषा करा. जमत नसेल तर सिलिंडर उचला आणि आल्या पावली परत जा."

चेहरा पाडून त्याने फिल्टर काढला. स्वच्छ होता, तो मीच धुते. आतला पंखाही ठीक होता, वारा हाताला भरपूर लागत होता. मग गेज घेऊन तो बाल्कनीत गेला. आउटडोअर युनिट तिथे आहे. गेल्या दिवाळीत सलिलने ती बाल्कनी काचेने बंद करून घेतली. कबुतरं येतात, धूळ येते, आई वाकायला गेली आणि पडली तर? मला तेव्हाच राग आला होता, पण सणासुदीला कशाला वाद, म्हणून गप्प बसले.

"बाई," बाल्कनीतून हाक आली, "गॅस कमी न्हाई. काटा उलटा वरच चाललाय."

पाण्याचा तांब्या घेऊन मी गेले आणि दारातच थबकले. अगं बाई, भट्टी नुसती! रविराज घामाने निथळत होता. युनिट गरम हवा बाहेर फेकत होतं आणि ती समोरच्या काचेवर आपटून परत त्याच्याच पाठीत शिरत होती. माझ्या वॉर्डात कोणी पेशंटच्या तोंडावर असं पांघरूण ओढलं असतं, तर मी त्याची बिनपाण्याने केली असती.

"काढा ही काच."

"फिक्स हाय, बाई. अशी निघत न्हाई."

"बसवता आली ना? मग निघतेही. घ्या स्क्रू-ड्रायव्हर."

काच खाली उतरवून भिंतीला टेकवतोय, तेवढ्यात सलिल आला. "आई, हे काय चाललंय? तुझ्या सुरक्षेसाठी लावली होती ती!"

"माझ्या सुरक्षेने एसीचा जीव चालला होता. थांब जरा, काटा बघू दे."

वारा मोकळा झाला. रविराज गेज धरून उभा राहिला. काटा हळूहळू उतरत जागेवर आला. "गॅस बरोबर हाय," तो म्हणाला. आम्ही वाट बघत बसलो. एरवी एसी बंद पडायची वेळ टळून गेली, तरी तो चालूच होता, आणि खोली छान गार झाली होती.

सलिल माझ्याशेजारी पलंगावर बसला. "एसीचं झालं. पण तू इथे एकटी. मला काळजी वाटते गं." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तरी मी हटले नाही.

"वाटू दे. रोज फोन कर, रविवारी जेवायला ये. पण माझ्या बाल्कनीचं आणि माझ्या म्हातारपणाचं परस्पर ठरवायचं नाही. मी येणार नाही, सलिल. आज नाही आणि एसी उद्या पुन्हा बिघडला तरी नाही."



रविराज हत्यारं आवरून दारात आला. "साहेब, काच परत लावायची का? थोडी बाजूला सरकवून बसवू?"

सलिलने काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "त्यांना विचारा."