नऊची हजेरी

मास्तर वेळेवर आला, असा एक दिवस आराखड्यांच्या त्या कचेरीत कुणाला आठवत नाही. तसा तो ड्राफ्ट्समन, पण दुसऱ्याच्या रेघेला नावं ठेवायची खोड, म्हणून मास्तर. सव्वानऊला खुर्ची रिकामी दिसली की शेजारच्या टेबलावरची, सगळ्या कचेरीची मावशी फोन लावायची, "उठलास का रे कुंभकर्णा?"

मग साहेबांनी कचेरीची जागा सोडली, सगळे घरून काम करू लागले. फर्मान निघालं: रोज नऊच्या ठोक्याला ग्रुपवर 'हजर' लिहायचं. एकट्या राहणाऱ्या मास्तरला ते कुठलं जमायला! पहिल्याच आठवड्यात तीनदा बोलणी खाल्ली. मावशीला दया आली. कॉम्प्युटरच रोज नऊला त्याच्या नावाने 'हजर' पाठवील, अशी सोय तिने करून दिली. दोघं पोट धरून हसली. एवढं शहाणपण करायला कुणी सांगितलं होतं तिला!

त्या सोमवारी 'हजर' आलं. मंगळवारी आलं, बुधवारीही आलं. काम शुक्रवारी द्यायचं, म्हणून साहेबांनी विचारलं नाही. मंगळवारी मावशीने एका जिन्याची मापं विचारली, उत्तर नाही. आदल्या आठवड्यात तिने त्याची चूक काढली होती. स्वारी फुगली असेल, तिला वाटलं. फुगू दे, मीही नाही बोलत जा. गुरुवारी उजाडताच, दारात साचलेल्या दुधाच्या पिशव्या बघून शेजाऱ्यांनी दार फोडलं. मास्तर न्हाणीघरात पडलेला होता, जीव केव्हाच गेला होता.

मावशी त्याच्या घरी भेटायला गेली, तर त्याची थोरली बहीण तिचा हात सोडीना.

"डॉक्टर म्हणतात सोमवारीच पडला, दीड दिवस तरी जिवंत असावा. काहीतरीच. तुमचे साहेब म्हणाले, बुधवारी सकाळी ग्रुपवर हजर होता तो. म्हणजे तसाच पडून नाही राहिला माझा भाऊ. तुम्हीच सांगा त्यांना."

'हो' म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? ती बिचारी रात्री झोपली तरी असती. शब्द मावशीच्या ओठांवर आलाही होता. पण तो हात हातात असताना खोटं बोलवेना.

"ताई, ते 'हजर' कॉम्प्युटर पाठवायचा. मीच करून दिलं होतं तसं."

बहिणीने हळूच हात काढून घेतला.

"तुमचं घर इथून किती लांब?"

"चालत दहा मिनिटं," मावशी म्हणाली.