वळण काढून टाकावे

शिवमूर्तीअप्पांनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. एक सरकी-पेंडीचं दुकान आणि दुसरी अर्ज लिहिणं. दुकान वडिलांकडून आलेलं होतं. अर्जांचा नाद मात्र त्यांनी उतारवयात स्वतःच लावून घेतला, तोही ट्रकांपायी.

गाव लातूर-नांदेड रस्त्यावरचं. डाळमिलचे ट्रक पेठेच्या गल्लीतूनच जायचे, कारण दुसरा रस्ताच नव्हता. गल्ली दोन बैलगाड्यांपुरती. समोरून कुणी येऊ नये म्हणून ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी भोंग्यावर हात ठेवायचा, तो शेवटच्या घरापाशीच उचलायचा. फडताळातली भांडी थडथडायची. पेठेतली माणसं ओरडून बोलायला शिकली होती आणि ट्रक नसतानाही तशीच ओरडायची. परगावचा पाहुणा आला की त्याला वाटायचं, इथं घरोघरी भांडणं लागलीत.

अप्पांची बायको गौरम्मा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं डोकं सारखं दुखायचं. भोंगा वाजला की ती डोळे गच्च मिटून घ्यायची.

"अहो, किती वाजवून राहिलेत हे! काई करा, पर हे बंद करवा."

"करवतो," अप्पा म्हणाले होते.

ट्रक बंद व्हायच्या आधी गौरम्माच गेली. पेठेला वाटलं, आता म्हातारा अर्ज सोडील. पण अप्पांनी शब्द दिला होता, आणि ज्याला दिला ते माणूस गेलं म्हणून शब्द संपतो हे त्यांना पटत नव्हतं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्या नव्या, टेबलं नवी, साहेब नवे. जुनी दफ्तरं मात्र निम्मी अजून जुन्या जिल्ह्यातच अडकलेली. अप्पांचा एकविसावा की बाविसावा अर्ज एका नव्या साहेबाच्या हाती पडला आणि चक्क नियम मंजूर झाला: अवजड वाहनांस पेठेत बंदी. अट एकच होती, पर्यायी रस्ता गावानं लेखी सुचवावा.

अप्पांनी ओढ्याकाठची जुनी गाडीवाट सुचवली. तिला एक मोठं वळण होतं. वळण आलं की ड्रायव्हर भोंगा वाजवणारच, एवढं ज्ञान गल्लीनं अप्पांना दिलंच होतं. म्हणून त्यांनी अर्जात खाली रेघ मारून लिहिलं, 'वळण काढून टाकावे व रस्ता सरळ करावा, म्हणजे भोंगा वाजवण्याचे कारण राहणार नाही.'

रस्त्याचे अभियंते रेणुकादास जोशी नांदेडकडचे, वयानं तरुण. अर्ज वाचून ते म्हणाले, "अप्पा, लोक येऊन नुसती तक्रार करतात. तुम्ही उपाय घेऊन आलात."

अप्पा असे फुगले की विचारू नका. साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, अप्पांनी खाली सही केली. नकाशात सगळे नंबर होते. अप्पांना जमिनी माणसांच्या नावानं ठाऊक, नंबरानं नव्हे. रेघेखालच्या नंबरापुढं 'पडीक' लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि त्यांना बरंच वाटलं, कुणाच्या वावराचं नुकसान नाही.

त्या साली पावसानं दडी मारली. दुष्काळी कामं निघाली आणि एरवी पाच वर्षं रखडलं असतं ते रस्त्याचं काम आठवड्याभरात सुरू झालं. कामावरच्या बायका पाण्यासाठी पेठेत यायच्या. अप्पांनी त्यांच्यासाठी दुकानापुढं रांजण भरून ठेवला होता. शिरूर अनंतपाळकडची चांगुणा त्या बायकांतलीच एक.

कामाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ही चांगुणा धावत आली ती दुकानाच्या पायरीवर कोसळलीच. तिला धड बोलता येईना.

"मालक, भुईत माणूस हाय!"

"जुनं हाडबिड निघालं असंल," अप्पा म्हणाले.

"हाडं हायतच की! पर बसलेली! म्या टिकाव मारला, माती ढासळली, तं समोर मांडी घालून बसलेला! निजलेला न्हाई मालक, बसलेला! मांडीवर काळा दगड, लिंबाएवढा!"

कामावरच्या बायकांनी ते भूत समजून पळ काढला होता. अप्पांना मात्र 'बसलेला' या एका शब्दात सगळं कळलं. लिंगायत आपल्या मेलेल्या माणसाला निजवत नाहीत. खड्ड्यात कोनाडा खणून त्यात मांडी घालून बसवतात, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर देतात, विभूती आणि बेलपानं घालून माती लोटतात. गौरम्माच्या तळहातावर लिंग अप्पांनी स्वतः ठेवलं होतं. अजून वर्षही झालं नव्हतं.

म्हणजे रस्ता त्यांच्या रुद्रभूमीतून, लिंगायतांच्या दफनाच्या जागेतून चालला होता. त्यांच्या समाजाची अंत्ययात्रा तिथं नेहमी गावच्या बाजूनं जाते आणि कारणाशिवाय तिकडं कुणी फिरकत नाही. गाडीवाटेवरून पाहिलं तर नुसत्या बाभळी दिसतात. या बाभळी आणि ती रुद्रभूमी एकाच जागेच्या दोन बाजू आहेत, हे साठ वर्षांत अप्पांच्या डोक्यात जुळलंच नव्हतं. वाडवडिलांनी गाडीवाट उगीच वाकडी केली नव्हती. मेलेल्या माणसांना वळसा घालून ती गेली होती. आणि 'वळण काढून टाकावे' हे अप्पांनीच लिहून दिलं होतं, खाली रेघ मारून!

ते अनवाणीच धावले. बाभळी तोडलेल्या, टिकाव-खोरी जागच्या जागी टाकलेली. फक्कीची पांढरी रेघ उघड्या पडलेल्या खड्ड्यावरून निघून थेट गौरम्माच्या मातीच्या उंचवट्यावरून पुढं गेली होती. खड्डा आणि ती, मध्ये सहा पावलं. अप्पा त्या सहा पावलांत मटकन खाली बसले.

"शिवशिवा! काय केलं मी हे!"

रेणुकादासांचा चेहरा उतरला होता. "अप्पा, देवाशपथ सांगतो, आमच्या कागदात ही जागा पडीक आहे. आणि तुमचा अर्ज..."

"अर्जाचं नाव काढू नका साहेब."

अंत्यविधी करणारे सिद्धराम स्वामी तोवर आले. उघड्या पडलेल्या माणसावर त्यांनी खांद्यावरचं उपरणं टाकलं आणि शेजारचा उंचवटा कुणाचा ते साहेबांना सांगितलं.

साहेबांनी काम तिथंच थांबवलं. नकाशा उलगडून ते म्हणाले, "जुनं वळण कायम ठेवता येईल. पण पलीकडं ओढ्याची दरड आहे, समोरून येणारं दिसत नाही. असल्या वळणावर नियमानं फलक लावावाच लागतो, 'भोंगा वाजवा' म्हणून. दिवसाला शंभर तरी ट्रक जातील अप्पा, आणि वळण गौरम्मांपासून दहा हातांवर आहे."

अप्पांनी स्वामींकडं पाहिलं. "स्वामी, तिला दुसरीकडं..."

"बसवलेलं माणूस उठवत नसतात, अप्पा."

आता दोनच वाटा उरल्या. रस्ता सरळ केला तर ट्रक गौरम्माच्या अंगावरून गुपचूप जाणार, आणि वळवला तर तिच्या कानाशी कायमचे बोंबलत जाणार. जिच्यासाठी बावीस अर्ज केले तिच्या बाबतीत हे ठरवायची पाळी यावी! अप्पांना धाय मोकलून रडावंसं वाटलं, पण रडूही येईना.

"कागद द्या," शेवटी ते म्हणाले.

त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, 'मागील अर्ज रद्द समजावा. रस्त्यास पूर्वीप्रमाणे वळण ठेवावे व वळणावर प्रत्येक वाहनाने भोंगा वाजवावा.' भोंगा हा शब्द त्यांनी दोनदा गिरवला. स्वामींनी त्या उघड्या माणसाला विभूती लावून पुन्हा माती दिली.

महिन्याभरानं नवा रस्ता सुरू झाला आणि पेठेच्या दोन्ही तोंडांना बंदीच्या पाट्या लागल्या. भरदुपारी पेठ गोळा झाली आणि तिनं अप्पांना दुकानातून ओढून बाहेर काढलं, हार घातला. बायका उंबऱ्यात बसून हळू आवाजात बोलत होत्या आणि आपलंच बोलणं ऐकून हसत होत्या. गल्ली इतकी शांत कुणी कधी पाहिली नव्हती. इतकी शांत, की अर्ध्या मैलावर वळणापाशी पहिल्या ट्रकनं भोंगा वाजवला तो तिथपर्यंत स्वच्छ ऐकू आला.

"आता कसं लांबून येतंय!" शेजारचे नागप्पा म्हणाले. "काई तरास न्हाई."

"हाव," अप्पा म्हणाले, "आपल्याला न्हाई." आणि गळ्यात हार तसाच असताना सगळ्यांदेखत ते हुंदके देऊन रडायला लागले.