सालासकट बर्फी

अच्युतरावांनी भिजवलेले बदाम सालासकट मिक्सरमध्ये ओतले आणि मंदाकिनीबाई "अहो!" म्हणायच्या आत बटण दाबलं.

मिक्सर थांबला, त्या थांबल्या नाहीत.

"काय करून राहिले तुम्ही! अडतीस वर्षं माझी बर्फी दुधासारखी पांढरी. आज हळदीकुंकू, आणि हे असं?"

"सालात ताकद असते म्हणतात."

"मग उद्यापासून केळीही सालासकट खा!"

चार महिन्यांच्या आजारपणात त्या पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं बोलल्या. अच्युतरावांनी मान खाली घातली. सिंचन खात्यात वरिष्ठांसमोर तीस वर्षं घोटलेली कला होती ती.

सकाळपासून ते पेपराआडून पाहत होते. इंजेक्शनांनी बायकोची बोटं बधिर झालेली. बदाम चिमटीतून निसटून फरशीवर पळायचा, ती वाकून शोधायची. पाऊण तासात सहा सोलून झाले. 'मी सोलू का?' असं विचारायची हिंमत झाली नाही. परवाच डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद केली होती. आता उपयोग नाही, असं ते अच्युतरावांना बाजूला घेऊन म्हणाले. गुण आला म्हणून बंद केली, असं अच्युतरावांनी घरी सांगितलं.

दुपारी ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या बायका आल्या. रायपूर राजधानी होऊन जेमतेम वर्ष झालेलं, पण काहींच्या चालण्यात मंत्रालय आलं होतं. बर्फीचा तपकिरी रंग पाहून शेजारची विनोदिनी म्हणाली,

"काकू, इस बार चॉकलेट वाली?"

"तुझ्या काकांचा पराक्रम. मी सोलीपर्यंत धीर नाही निघाला."

बायका खदखदून हसल्या. आतल्या खोलीत अच्युतराव ते सत्कार ऐकावा तसं ऐकत होते.

सगळ्या गेल्यावर मंदाकिनीबाई आत आल्या. एक वडी त्यांच्या हातावर ठेवली.

"अडतीस वर्षांत मिक्सरले हात नाही लावला तुम्ही. मले समजत नाही का?"

अच्युतरावांनी वडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"उद्यापासून वरण तुम्ही करायचं. मी खुर्चीत बसून सांगीन."

"काहून? तू तर बरी झाली. इंजेक्शनं बंद केली न डॉक्टरनं."

"हव," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या सदऱ्यावर पडलेला चुरा झटकू लागल्या. चुरा पडून गेला तरी झटकतच राहिल्या.

अच्युतरावांनी वडी संपवली. मग विचारलं,

"हिंग आधी, की मोहरी?"

"मोहरी. तडतडू द्यायची. घाई नाही करायची."