पान एकशेसात

सयाजीराव चाकणच्या बाजारातले कांद्याचे अडते. गोणीत हात घातला की आतला कांदा टिकेल की सडेल हे न बघता सांगणारा माणूस. पण घरात बायको कादंबरीकार निघाली आणि तिथं मात्र गड्याची मती गुंग झाली.

कौशल्याबाई मूळच्या तळेगावच्या, फायनल पास. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. एके दिवशी बाईंनी चुलीपुढंच बोरू उचलला आणि दोन वर्षांत 'शोकसौदामिनी अर्थात हृदयाचा हाहाकार' लिहून हातावेगळी केली. सयाजीरावांनी हौसेनं ती छापून आणली. स्वतः वाचली नाही. वाचायचं म्हणजे तीन यत्तांच्या माणसानं डोंगर चढायचा!

पहिलंच वाक्य असं होतं: "तिच्या नयनरूपी नळांतून अश्रुरूपी जलाचा असा लोंढा लोटला की नासिकारूपी दरड कोसळते की काय या भयाने तिची मातोश्री मूर्च्छारूपी मंचकावर पहुडली." तेवढ्यावरच सयाजीरावांनी हात जोडले होते.

आणि आश्चर्य बघा, पुस्तक खपलं. पुण्याहून, पिंपरीहून माणसं येऊन प्रती मागू लागली. जाताना एकमेकांना कोपरखळ्या मारायची, तोंडावर रुमाल धरायची. सर्दी झाली असेल म्हणावं तर सगळ्यांनाच? वर चिंचवडच्या वाचक मंडळाचं पत्र आलं, की रविवारी बाईंचा जाहीर सत्कार, बाईंनी स्वमुखानं वाचन करावं. कौशल्याबाईंनी नऊवारी काढून उन्हात घातली.

सयाजीरावांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. सत्कार करणारी माणसं कोण, कशी, बघून तरी यावं म्हणून शनिवारी दुपारी बायकोला सांगून ते कांद्याच्या ट्रकमधून कासारवाडीला उतरले आणि टांग्यानं चिंचवड गाठलं.

मंडळाची खोली शोधावी लागली नाही. हसण्याचा गदारोळ रस्त्यापर्यंत येत होता. आत पंधरावीस जण, बहुतेक पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यातले कारकून. एक जण उभा राहून 'शोकसौदामिनी' वाचत होता. चौथ्या ओळीला त्याला हसू फुटलं आणि बाकीच्यांनी ओरडून त्याला खाली बसवला. हाच त्यांचा खेळ. न हसता पान पुरं करील तो जिंकला. आजवर एकही माईचा लाल जिंकला नव्हता.

सयाजीराव दारातच थिजले. म्हणजे हे लोक थट्टा करतात? मग पदरचे पैसे मोडून पुस्तक कशाला घेतात? राग यावा तर कशाचा, हेच त्यांना उमजेना. तेवढ्यात चिटणीस मुरारी मास्तरांनी त्यांना पाहिलं.

"या राव, या! नवे दिसता. घ्या, तुम्हीही करा प्रयत्न. पान एकशेसात, सगळ्यात कठीण!"

नको म्हणेपर्यंत पुस्तक हातात आलं. सयाजीराव एकेक अक्षर लावत वाचू लागले.

"राजपुत्र वीरसेनाच्या करकमलांना पलांडूचा उग्र परिमळ येत असे..."

खोलीत हशा फुटला. एक जण बाकावरून खाली घसरला.

"पलांडू म्हंजी काय?" सयाजीरावांनी विचारलं.

"कांदा हो, कांदा! राजपुत्राच्या हाताला कांद्याचा वास!"

सयाजीराव पुढं वाचू लागले, पण आवाज जरा खाली आला. "...साबणरूपी शत्रूने सातदा हल्ला केला तरी तो हटत नसे. त्याच्या डाव्या अंगठ्याचे नख तराजूखाली चेंगरून दुभंगले होते. सायंकाळी तो परिमळ राजकन्येच्या नासिकाद्वारी थाप मारी, तेव्हा तिच्या हृदयरूपी उंबरठ्यावर दिवेलागण होई, आणि ती मनात म्हणे, आले हो आले, माझे आले."

पान संपलं. लोक पोट धरून हसत होते. सयाजीराव आपला डावा अंगठा बघत उभे होते. पंधरा वर्षांत बाई त्यांना 'हात धुवा आधी' यापलीकडं कधी काही बोलल्या नव्हत्या.

"जिंकले! राव जिंकले! हसू आवरलंत तरी कसं?"

"मी सयाजी. कौशल्याबाईंचा मालक."

मुरारी मास्तरांचा चेहरा पडला.

"मास्तर, एक सांगा," सयाजीराव म्हणाले. "उद्या तिला आणू का नको?"

"आणा," मास्तर खाली बघत म्हणाले. "कोणी हसणार नाही. माझा शब्द."

आता हसणार नाहीत, तर ऐकायला तरी येतील का? सयाजीरावांच्या डोक्याचा परतीच्या वाटेवर पार भुगा झाला. सांगावं तर बायकोचं मन मोडेल, न सांगावं आणि मास्तरांचा शब्द कोणी पाळला नाही, तर उद्या चारचौघांत तिचं हसं होईल.

घरी पोचले तेव्हा कौशल्याबाई निखाऱ्याचा तांब्या फिरवून नऊवारीच्या चुण्या मोडत होत्या.

"पुस्तक वाचत होती का हो मंडळी?"

सयाजीरावांना खोटं जमलं नाही. "व्हय. पर हसत हुती. समदी."

तांब्या थांबला. "जळतात मेले," बाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. मग, "आणि तुम्ही?"

"मी न्हाई हसलो. एकशेसातावं पान वाचलं मी."

बाईंचे कान लाल झाले. त्यांनी तांब्या बाजूला ठेवला आणि पदर सारखा केला. सयाजीराव उंबऱ्यातच उभे होते, हात अजून धुतले नव्हते.

"उद्या तेच पान वाचते," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढं बसा. मी तुमच्याकडंच बघीन."