तिखट कुत्र्याची पाटी

"पुन्हा हाडूक तसंच टाकलंय. नाव चुई, म्हणजे बिबट्या, आणि खातो काय, तर नुसती पेज."

घरची मालकीण, मांकाची आई, फाटकाशी पुटपुटली आणि तिने ते हाडूक उकिरड्याकडे भिरकावलं. चुईने मान वळवली. ऐकलं फक्त मी.

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. समुद्रापलीकडच्या मोशी गावातल्या एका केळीच्या बागेच्या फाटकावर असते. तेलाच्या पिंपाचं झाकण ठोकून ठोकून मला सपाट केलं, आणि रंगाऱ्याने माझ्यावर दोनच शब्द लिहिले : म्ब्वा काली. कुत्रा तिखट आहे. आमच्या भाषेत मिरची, सुरी आणि स्वभाव, तिघांनाही 'काली' हा एकच शब्द पुरतो.

तेव्हा चुई चपलेएवढा होता. म्हणजे मी चक्क खोटं बोलत होते. पण केळी घ्यायला येणारे लोक मला वाचून लांबूनच हाका मारायचे. बागेचे मालक, मांकाचे बाबा (आमच्याकडे आईबापांना लेकराच्या नावानेच ओळखतात), म्हणायचे, "पाटी असावी तर अशी." मी फुगून जायची. पुढे पाटी खरी ठरावी म्हणून ते चुईच्या उगालीत, म्हणजे मक्याच्या उकडीत, मिरची कालवायला लागले. तिखट खाल्लं की कुत्रा तिखट होतो, असं गावात सगळेच मानतात.

सात वर्षं गेली. मला गंज चढला. चुई एकाच बाजूने चावून खाऊ लागला, लाळ गाळू लागला, पंजाने तोंड घासू लागला. अंगणात वास सुटला.

"गटार तुंबलंय," मांकाची आई म्हणाली.

"सुकी मासळी ओली झाली असेल," बाबा म्हणाले.

मग एक दिवस ताटली ठेवताना चुई बाबांच्या हातावर धावून गेला. त्याच संध्याकाळी ठरलं, शनिवारी त्याला खडीच्या खाणीवरच्या मसावेंना देऊन टाकायचं. तिथे कुत्र्यांना जन्मभर साखळी असते. दोघांनाही ते माहीत होतं. दोघंही केळीच्या घडांबद्दल बोलत राहिली.

गुरुवारी रेबीजची लस टोचायला जनावरांची डॉक्टर आली, झुहुरा. तिने चुईची लाळ बघितली.

"याच्या तोंडात शेवटचं कोणी बघितलं?"

"पाटी वाचलीस ना, पोरी?" बाबा म्हणाले.

"वाचली. आता दात वाचते. डोकं कोण धरतंय?"

मांकाच्या आईच्या हाताला नेमका कांदा लागलेला होता. बाबांची कंबर नेमकी तेव्हाच धरली. शेवटी झुहुराने एकटीनेच त्याला गुंगीचं औषध टोचलं आणि ओठ उचलला. दातांवर पिवळा दगडी थर, हिरड्या लालभडक, मागची दाढ पू धरून हलत होती.

"आणि यावर मिरची?" ती म्हणाली.

बाबा केळीची पानं मोजू लागले.

तिने चुईला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, दाढ काढली, थर खरवडला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून सोडलं.

मित्रांनो, मला फार लाज वाटली. त्याच्या तोंडाला कुलूप मीच लावलं होतं. म्हणून सांगते, आपल्या कुत्र्यामांजराचा ओठ अधूनमधून हळूच उचलून बघा. त्याला लहानपणापासून सवय लावा, आणि बोटाला ओलं फडकं गुंडाळून रोज दात पुसा. आपली टूथपेस्ट मात्र नको; त्या बिचाऱ्यांना थुंकता येत नाही. आणि वास आला, तर गटाराला बोल लावू नका.

शनिवारी मसावे दोर घेऊन आले. चुईने त्यांचे बूट हुंगले, शेपूट हलवली आणि त्यांच्या पायांवर आडवा झाला.

"काय हो, हाच का तो?" मसावे माझ्याकडे बघत म्हणाले.

"ऊन लागलंय त्याला," बाबा म्हणाले.

"पोट भरलंय," मांकाच्या आईने पुस्ती जोडली.

"मग तिखट होतो कधी?"

चुई उठला आणि त्याने बाबांच्या तळहातात हनुवटी ठेवली. बाबांनी हात काढला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अंगठ्याने त्याचा ओठ उचलून बघितला.

"मसावे, दोर घेऊन जा," ते म्हणाले. "हा तिखट कधीच नव्हता. याचा दात दुखत होता, आणि आम्ही याला घाबरत होतो."