सोलहून आणलेला काटा

व्यासपीठावर दोन वजनकाटे होते, वीस-वीस किलोची तीन प्रमाण वजनं, सुती हातमोज्यांचे दोन जोड आणि एक बादली. बादलीत पेक दो-ह्योन वजन उतरवायला थुंकत होता. एक काटा ईशानीने सकाळी आठला आणून दुबईच्या बर दुबई भागातल्या या हॉटेलात बसवला होता. ती सिलिकॉन ओएसिसमधल्या काटे तपासून प्रमाणित करणाऱ्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये कामाला होती, आणि काट्याच्या प्रमाणपत्रावर सही तिची होती. दुसरा काटा पेकने सोलहून सुटकेसमधून आणला होता.

पेक तेहतीस वर्षांचा. हौशी बॉक्सर म्हणून एकशे अठरा लढती, एक आशियाई कांस्य, ऑलिंपिकच्या निवडीत दोनदा हार. एकोणतिसाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. तिथे सोळा लढती, चौदा विजय. उद्याची लढत विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी होती आणि अशी संधी त्याला पहिल्यांदाच मिळत होती. हद्द ६१.२३ किलो. वजन त्याहून जास्त भरलं, तर लढत होईल, पण जिंकूनही पट्टा मिळणार नाही. आजवरच्या प्रत्येक लढतीआधी त्याने याच काट्यावर वजन बघितलं होतं. एकशे चौतीस वेळा. एकदाही चुकला नव्हता.

अकराच्या सुमारास ईशानीला त्या काट्यावरचं कोरियन स्टिकर दिसलं. ती पेकचा कोच सॉन्ग याच्यापाशी गेली आणि इंग्रजीत म्हणाली, "सर, हा काटा सोलमध्ये जुळवलाय ना? मग इथे तो–"

"तुझा काटा तिकडे," सॉन्ग म्हणाला आणि मध्ये हात आडवा धरला. "इकडे फिरकायचं नाही."

"ईशानी, बस ना गप," परेश खालून ओरडला. तो आयोजक, पेकचा प्रतिस्पर्धी त्याच्याच जिममधला. "तुला काय पडलंय?"

ती जागेवर जाऊन बसली. मरा मग, असं ती मनात म्हणाली.

बाराला पाच मिनिटं असताना पेकच्या काट्याने ६१.२० दाखवलं. तो बाटलीच्या झाकणाने तीन झाकणं पाणी प्यायला. ६१.२२. बारा वाजता तो ईशानीच्या काट्यावर उभा राहिला. निरीक्षक पर्सीने आकडा वाचला, "एकसष्ट पॉइंट दोन आठ. जास्त. एक तास देतो. एक वाजता शेवटचं."

सॉन्ग उसळला. "इंडियन आयोजक, इंडियन काटा, इंडियन मुलगी! सगळं ठरवून!"

"काटा जर्मन आहे," ईशानी म्हणाली. "सोलमध्ये गुरुत्वाकर्षण इथल्यापेक्षा हजारात एका भागाने जास्त आहे. तिथे जुळवलेला काटा इथे किलोमागे एक ग्रॅम कमी दाखवतो. एकसष्ट किलोला साठेक ग्रॅम."

"वा! म्हणजे गुरुत्वाकर्षणसुद्धा दुबईच्या पोराच्या बाजूने?"

परेश हसला आणि तिच्याकडे वळून मराठीत म्हणाला, "अगं बाई, शिकवणी कसली घेतेस? त्यांचा तास आहे, भांडू दे. एक वाजला की खलास."

"माझी वजनं तुमच्या काट्यावर ठेवून बघा," ती सॉन्गला म्हणाली.

"हात लावलास तर मोडून टाकीन."

ती पर्सीकडे गेली. "त्यांचा खासगी काटा आहे. मी काय बोलणार?" पर्सी म्हणाला.

सॉन्ग फोन करत राहिला. सोलला, फेडरेशनला, वकिलाला. पेक टॉवेल गुंडाळून खुर्चीवर बसून होता, कारण बसायला सॉन्गनेच सांगितलं होतं. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं. साडेबारा झाले. मग बारा चाळीस.

ईशानी तडक पेकसमोर जाऊन उभी राहिली. वजनांकडे बोट दाखवलं, त्याच्या काट्याकडे दाखवलं, मग घड्याळाकडे. "हा माणूस तुमचा पट्टा घालवतोय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "बघून तरी घ्या!"

पेक उठला आणि त्याने उघड्या हातांनीच पहिलं वजन उचललं.

"हातमोजे!" ती किंचाळली. "घामाचा हात लावू नका त्याला!"

"बॉक्सरला ग्लोव्हज घालायला सांगतेय," परेश खालून म्हणाला. एकदोघे हसले.

पेकने ऐकलं नाही. वीस. चाळीस. साठ. सॉन्ग फोन टाकून धावत आला, तोवर आकडा स्थिर झाला होता: ५९.९४.

पेक तो आकडा बघत राहिला. सॉन्ग कोरियनमध्ये भराभर काहीतरी सांगत होता. पेक वळला आणि आपल्या कोचच्या बुटावर थुंकला. तेरा वर्षं त्याला शिकवलेल्या, वयाने पंचवीस वर्षांनी मोठ्या माणसाच्या बुटावर. सॉन्गने त्याच्या थोबाडीत मारली. पेकने ती खाल्ली, सॉन्गचं जाकीट ओढून काढलं, अंगात चढवलं आणि घाम काढायला जिन्याकडे पळाला.

बारा सत्तेचाळीस.

वरच्या मजल्यांवरून त्याच्या पावलांचा आवाज येत होता, वर आणि खाली, वर आणि खाली. सॉन्ग जिन्याच्या तोंडाशी उभा राहून मजले मोजत होता. ईशानीने हातमोजे घातले, वजनांवरचे ओले ठसे पुसले आणि आपला काटा समपातळीत आहे का ते पुन्हा तपासलं.

"आता खूश?" परेश म्हणाला. "अकरालाच सांगायचं होतंस."



बारा अठ्ठावन्नला पेक भिंतीला धरत खाली आला. सॉन्गने त्याचं अंग कोरडं केलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा टॉवेल घातला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. हॉटेलच्या दोन पोऱ्यांनी चादर धरली, पेकने चड्डीही उतरवली आणि काट्यावर चढला.

आकडा हलला आणि थांबला. पर्सीने तो हद्दीच्या ६१.२३शी ताडून दोनदा वाचला.

६१.२४.